मढी चालतात, भांडतात जिवंत

झोंबींच्या मालिकेवर तासन् तास वाद घालणारे प्रेक्षक झोंबींबद्दल फारसे बोलत नाहीत. मढी उठली कशी, चावा बसल्यावर माणूस किती वेळात मढे बनतो, गोळी डोक्यातच का घालावी लागते, असले प्रश्न पहिल्या काही भागांतच निकालात निघतात. मग वर्षानुवर्षे चघळायला एकच विषय उरतो: अमक्याने तमक्याला मारले, सोडून दिले, मागे टाकले, ते बरोबर केले का? ‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकी मालिका एएमसी वाहिनीवर 31 ऑक्टोबर 2010 ला सुरू झाली आणि 20 नोव्हेंबर 2022 ला 177 व्या भागाने संपली. या बारा वर्षांत तिच्या चाहत्यांनी जी पंचायत भरवली, ती पाहून अनेक शहाण्यांनी नाके मुरडली. लिहिलेल्या पात्रांना जाब विचारून काय मिळवायचे, असा त्यांचा सवाल. पण या सवयीला इतिहास आहे, आणि तो पाहिला की ही पंचायत रिकामटेकडी वाटत नाही. ज्या गोष्टीत कोणालाच काही ठरवता येत नव्हते, त्या गोष्टीची आठ-नऊ दशकांत अशी गोष्ट झाली की तिच्यात ठरवण्यावाचून दुसरे काही उरलेच नाही. आणि प्रेक्षकांच्या भांडणाचा गाभा पाहिला, तर ‘काय ठरवले’ यापेक्षा ‘ठरवणारा हा कोण’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो.

सुरुवात हैतीत होते. सॅं-दोमिंग ही फ्रान्सची ऊसमळ्यांची वसाहत. तिथली साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या हाडांवर पिकत होती. 1791 मध्ये गुलामांनी उठाव केला आणि 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झाला. तिथल्या लोककथेतला झोंबी कोणाला खात नाही. मांत्रिकाने थडग्यातून उठवलेला, इच्छा काढून घेतलेला, मालक सांगेल तिथे राबणारा तो देह. ज्या लोकांच्या आज्यापणज्यांनी मेल्याशिवाय सुटका नाही असे आयुष्य काढले, त्यांना मेल्यावरही सुटका नाही याहून मोठी भीती कोणती असणार? 1915 मध्ये अमेरिकेने हैतीचा ताबा घेतला, तो 1934 पर्यंत सोडला नाही. या काळात अमेरिकी फौजेने रस्ते बांधायला तिथल्या शेतकऱ्यांना वेठीला धरले, त्यावरून बंड पेटले. याच अमलाखालच्या हैतीत विल्यम सीब्रुक हा अमेरिकी लेखक हिंडला आणि 1929 मध्ये त्याचे ‘द मॅजिक आयलंड’ बाहेर आले. त्यात उसाच्या फडात राबणाऱ्या झोंबींची हकिकत होती. तीन वर्षांनी, 1932 मध्ये, ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला. त्यात साखर कारखान्याचा एक प्रसंग आहे. मेलेले मजूर लाकडी चरक फिरवत असतात; त्यातला एक तोल जाऊन यंत्रात पडतो, आणि बाकीचे न थांबता, मान न वळवता फिरवत राहतात. झोंबीच्या इतिहासात इतके नेमके दृश्य दुसरे नसेल. पण वाद घालायचा तर कोणाशी? त्या जगात निर्णय घेणारा एकच, तो म्हणजे मालक. बाकीच्यांना पाप लागत नाही की पुण्य.

ही घडी विस्कटली ती 1968 मध्ये, पिट्सबर्गमधल्या हौशी-धंदेवाईक मंडळींनी लाखभर डॉलरांच्या आसपासच्या खर्चात काढलेल्या एका कृष्णधवल चित्रपटाने. जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधल्या मढ्यांना झोंबी म्हटलेले नाही, त्यांना मालक नाही, आणि ती माणसे खातात. हैतीच्या झोंबीशी त्यांचे नाते रक्ताचे नव्हे, दत्तक म्हणावे असे आहे, आणि हा आक्षेप अभ्यासक घेतात तो योग्यच आहे. तरी रोमेरोने जे केले त्यानेच पुढच्या सगळ्या वादांची जागा तयार झाली. मालक गेला, त्यामुळे ठरवण्याचे काम जिवंतांच्या गळ्यात आले. शेतातल्या एका घरात सात माणसे अडकतात आणि चित्रपटाचा निम्मा वेळ तळघरात जायचे की वरच थांबायचे यावर भांडतात. हॅरी कूपर हा तिरसट गृहस्थ तळघराच्या बाजूचा; बेन हा धीराचा, कामसू माणूस खिडक्यांना फळ्या ठोकून वर थांबण्याच्या बाजूचा. आपला जीव अर्थातच बेनकडे झुकतो. बेनच्या बेताने मोटार जळते, त्यात दोघे मरतात. शेवटी वरचा मजला हातचा जातो आणि बेन तळघरात शिरूनच रात्र काढतो. म्हणजे तो नकोसा कूपर निदान त्या एका मुद्द्यावर खरा ठरतो. सकाळी बंदुका घेऊन निघालेली गोऱ्यांची टोळी येते, खिडकीत उभा असलेला बेन तिला मढे वाटतो, आणि ती त्याला गोळी घालते. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली होती आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेली होती. चांगला माणूस, चुकीचा निर्णय. वाईट माणूस, बरोबर सल्ला. आणि शेवटचा निर्णय दुरून नेम धरणाऱ्या तिसऱ्याच कोणाचा. प्रेक्षकाला भांडायला लागणारा सगळा ऐवज इथे एका रात्रीत जमा झाला.

कोणी म्हणेल, यात नवे काय? पात्रांवरून भांडणे ही तर कथेइतकीच जुनी खोड आहे. कर्णाचे नेमके चुकले कुठे, यावर आपल्याकडे पारावर, कीर्तनात आणि वक्तृत्व स्पर्धांत किती पिढ्या झिजल्या! अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या वाचकांनी सॅम्युअल रिचर्डसनला पत्रे लिहून ‘क्लॅरिसा’च्या नायिकेला मारू नका म्हणून विनवले, शेरलॉक होम्सला 1893 मध्ये धबधब्यात ढकलल्यावर कॉनन डॉयलवर वाचक उखडले. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. रिचर्डसनचे वाचक दयेचा अर्ज करत होते आणि डॉयलचे वाचक आपला माणूस परत मागत होते. कर्णाचा वाद जवळचा आहे, पण त्याच्या पाठीशी शाप, कूळ, पूर्वकर्म असे बरेच काही उभे असते. माणूस आणि त्याची निवड तिथे उघडीवाघडी समोर येत नाही. झोंबीपटाच्या चाहत्यांचा खरा पूर्वज साहित्यात शोधू नये, तो कोर्टात सापडतो. 1884 च्या जुलैमध्ये ‘मिग्नोनेट’ ही इंग्लिश नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. टॉम डडली, एडविन स्टीफन्स, एडमंड ब्रुक्स आणि रिचर्ड पार्कर हा सतरा वर्षांचा पोऱ्या असे चौघे एका लहान होडीत उरले. अन्न संपले, पाणी संपले. समुद्राचे पाणी पिऊन पार्कर आजारी पडला तेव्हा डडलीने स्टीफन्सच्या संमतीने त्याला मारले आणि तिघे त्याच्या मांसावर जगले. पुढे चार दिवसांत एका जर्मन जहाजाने त्यांना उचलले. फाल्मथ बंदरात उतरल्यावर डडलीने सगळे सरळ सांगून टाकले, कारण खलाशांच्या रीतीत यात लपवण्यासारखे काही नव्हते. बंदरातल्या लोकांची सहानुभूतीही त्यांच्याच बाजूला होती. मेलेल्या मुलाच्या भावानेसुद्धा त्यांच्याशी हस्तांदोलन केले.

लॉर्ड कोलरिज यांच्या कोर्टाने मात्र खून तो खूनच ठरवला. गरज ही खुनाची सबब होऊ शकत नाही, असे सांगताना त्यांनी जो प्रश्न केला तो महत्त्वाचा: अशी गरज पडली आहे हे ठरवायचे कोणी? ज्याला त्यातून फायदा व्हायचा त्यानेच? आणि कोणाचा जीव कमी मोलाचा हे मोजायचे कोणत्या मापाने? होडीत चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नव्हत्या. सर्वांत लहान, सर्वांत अशक्त निवडला गेला होता. फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि नंतर सहा महिन्यांच्या कैदेवर आली. म्हणजे कायद्याने तत्त्व राखले आणि राज्याने दया दाखवली. हा खटला आजही विधी महाविद्यालयांत शिकवतात. त्यावर विद्यार्थी ज्या हिरिरीने भांडतात तीच हिरीर झोंबीच्या मालिकेवरल्या वादात दिसते, कारण मांडणी तीच: बाहेरचा कायदा नाहीसा झालेला, साधने मोजकी, वेळ थोडा, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा जीव.

रॉबर्ट कर्कमन आणि चित्रकार टोनी मूर यांनी ऑक्टोबर 2003 मध्ये ‘द वॉकिंग डेड’ची मासिक चित्रकथा सुरू केली, तेव्हा त्यांनी रोमेरोच्या एका रात्रीला शेवटच नाही असे केले. चित्रपटात दीड तासाने दिवे लागतात, माणसे घरी जातात. मासिकात महिनाभर थांबावे लागते, आणि थांबलेला वाचक बोलतो. प्रत्येक अंकाच्या मागे वाचकांची पत्रे आणि त्यांना कर्कमनची खट्याळ, कधी चिडकी उत्तरे छापून यायची. जुलै 2019 मध्ये 193 व्या अंकाने, कसलीही पूर्वसूचना न देता, ही चित्रकथा संपली. दरम्यान दूरचित्रवाणीने महिन्याचा आठवडा केला होता. ऑक्टोबर 2011 पासून वाहिनीने मालिकेच्या पाठोपाठ ‘टॉकिंग डेड’ हा गप्पांचा कार्यक्रमच लावला: क्रिस हार्डविक सूत्रधार, कोचावर नट, लेखक आणि नामांकित चाहते, त्या रात्री मेलेल्यांना चेष्टेची श्रद्धांजली, आणि प्रेक्षकांचा कौल. चर्चा आधी अर्ध्या तासाची होती, नंतर तीही मालिकेसारखीच तासाभराची झाली. पुढे एका पर्वाच्या पहिल्या भागानंतर हा कार्यक्रम हॉलिवुडच्या एका खऱ्या दफनभूमीत भरवला गेला. धंद्याचे गणित त्यात होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जे आधीच घडत होते त्यालाच वाहिनीने मांडव घालून दिला.

प्रेक्षक कशावर भांडत होते ते मालिकेच्या लेखकांनाही कळत होते. दुसऱ्या पर्वात, फेब्रुवारी 2012 मध्ये, रँडल नावाचा परका पोरगा मुख्य पात्रांच्या टोळीच्या हाती लागतो. सोडला तर आपल्या साथीदारांना घेऊन येईल, ठेवला तर खायला घालावे लागेल. डेल हा म्हातारा दिवसभर एकेकाला गाठून विनवतो की असे थंड डोक्याने मारू नका. बैठक होते आणि शेवटी अँड्रिया सोडून त्याच्या बाजूने कोणी उभे राहत नाही. त्याच रात्री डेल मरतो. दोन भागांनंतर टोळीचा म्होरक्या रिक ग्राइम्स, एके काळचा शेरीफचा डेप्युटी, उरलेल्यांना सुनावतो की इथून पुढे लोकशाही बंद. ज्यांनी रँडलच्या बाबतीत रिकची पाठराखण केली होती त्यांतल्याही अनेकांना हे झोंबले. निर्णय पटला तरी निर्णयाची रीत पटत नव्हती.

पण सर्वांत खोल दरी पडली ती टोळीतल्याच कॅरोलच्या प्रकरणाने. चौथ्या पर्वात टोळी एका ओसाड तुरुंगाच्या तटाआड शेती करून राहते. तिथे जीवघेण्या तापाची साथ येते आणि कॅरन व डेव्हिड या दोन रुग्णांना वेगळे ठेवतात. साथ पसरू नये म्हणून कॅरोल दोघांना ठार मारून प्रेते जाळते. साथ पसरायची ती पसरतेच. दाराजवळचा रक्ताळलेल्या हाताचा ठसा पाहून रिकला शंका येते, तो विचारतो, आणि ती आढेवेढे न घेता हो म्हणते. 3 नोव्हेंबर 2013 ला दाखवलेल्या भागात तो तिला सामान शोधायच्या निमित्ताने बाहेर नेतो आणि एक मोटार, थोडी शिधासामग्री देऊन परत येऊ नकोस म्हणून सांगतो. तुरुंगात अशा गोष्टी ठरवायला मंडळ नेमलेले असते, कॅरोल स्वतः त्यावर असते, आणि रिक त्या मंडळाला विचारतही नाही. चाहत्यांत उभी फूट पडली. ती खुनी आहे म्हणणारे एकीकडे. रिकने स्वतः याहून कमी कारणासाठी माणसे मारली, त्याला कोणी हाकलले, म्हणणारे दुसरीकडे. ज्यांनी चित्रकथा वाचली होती त्यांचाही इथे काही इलाज चालेना, कारण तिथली कॅरोल तुरुंगातच, बरीच आधी, स्वतःहून मढ्याच्या तोंडी गेलेली. पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे वाद खरा होता.

त्यानंतर 16 मार्च 2014 चा भाग. जंगलातल्या एका घरात कॅरोल आणि कॅरनचा प्रियकर टायरीस एका टेबलाशी बसलेले, टेबलावर अर्धवट जुळवलेले चित्रकोडे. त्याच दिवशी दोघांनी मिळून एका भयंकर गोष्टीला संमती दिलेली असते: लिझी या मुलीने आपल्या धाकट्या बहिणीला, ती मढे होऊन परत येईल अशा समजुतीने, भोसकले, आणि कॅरोलने लिझीला फुलांकडे पाहायला सांगून गोळी घातली. रात्री कॅरोल पिस्तूल टायरीसकडे सरकवते, कॅरनला मीच मारले म्हणून सांगते, आणि तुला करायचे ते कर म्हणते. टायरीस हे तिला माफ करतो, विसरत मात्र नाही. रिकच्या हद्दपारीत आणि या टेबलात जो फरक आहे तो प्रेक्षकांनी बरोबर टिपला. इथे गुन्हेगाराने कबुली दिली आणि ज्याचे माणूस गेले त्यानेच निवाडा केला. माझ्या मते मालिकेने न्यायाची म्हणून जी काही कल्पना दिली ती या एका प्रसंगात सर्वांत नितळ आहे. रिकची शिक्षा कदाचित जास्त नसेलही, पण ती ठोठावायचा हक्क त्याचा एकट्याचा नव्हता.

आता दुसरा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. हे सगळे प्रसंग लेखकाने रचलेले. पेच हवा म्हणून पेच. दोन वाटा बंद करून तिसरीकडे ढकलायचे आणि वर विचारायचे, तुम्ही काय केले असते? खोटे नाही. पण चाहत्यांनाही हे ठाऊक होते, आणि पंचायत पात्रांवरून लेखकांवर कशी वळली ते पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये ग्लेन हा लाडका पोरगा मढ्यांच्या गर्दीत कोसळताना दाखवला आणि काही आठवड्यांनी तो कचऱ्याच्या पेटीखाली सरकून वाचल्याचे सांगितले. मग 3 एप्रिल 2016 ला नीगन हा खलनायक दांडा उगारतो, कोणाला मारले ते न दाखवताच पर्व संपते, आणि उत्तर 23 ऑक्टोबरला मिळते: टोळीतला अब्राहम, आणि त्यापाठोपाठ ग्लेन. उत्तर पाहायला सुमारे 1 कोटी 70 लाख लोक बसले. वर्षभराने पुढच्या पर्वाच्या पहिल्या भागाला ते सुमारे 1 कोटी 14 लाख उरले आणि शेवटच्या भागाला तेवीस लाखांच्या आत आले. दूरचित्रवाणी सोडून लोक इतरत्र वळत होते, हेही या घसरणीमागे आहे. तरी तक्रारींचा सूर एकच होता: मृत्यू पात्राच्या निर्णयातून यायला हवा, लेखकाच्या खेळीतून नको. भर घालायची तर ग्लेन मेला तो त्याचा साथीदार डॅरिल याने रागाच्या भरात नीगनला ठोसा मारल्यामुळे, म्हणजे निवडीचा धागा होता. पण सहा महिने प्रेक्षकाला टांगून ठेवल्यावर त्या धाग्याकडे कोण बघतो? कोर्टात पुरावाच लपवला तर पंच उठून जातात.

2012 च्या टेलटेल कंपनीच्या व्हिडिओ गेमने या सवयीचे टोक गाठले. पात्र ली एव्हरेट, निर्णय खेळणाऱ्याचा, आणि तोही काही सेकंदांत. दुसऱ्या भागात दहा माणसांत वाटायला खाण्याच्या चार वस्तू हाती येतात. कोणाला द्यायच्या ते तुम्ही ठरवायचे. भाग संपला की पडद्यावर टक्केवारी येते, जगभरातल्या किती खेळाडूंनी काय निवडले त्याची. कोलरिज यांना जे माप सापडत नव्हते त्याची जागा इथे बहुमताने घेतली, आणि मला हे या सगळ्या इतिहासातले सर्वांत उथळ वळण वाटते. साठ टक्के लोकांनी तसेच केले म्हणून ते बरोबर ठरत नाही. आपल्याकडे 2022 मध्ये आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’ काढून हाच प्रकार डोंबिवलीत आणला, टोलेजंग सोसायटी आणि शेजारची वस्ती यांच्यात; त्यावर पंचायत मात्र फारशी बसली नाही, कारण दोन तासांच्या चित्रपटाला आठवड्याची उसंत नसते.

राहिला तिसरा आक्षेप, सर्वांत गंभीर. असले वाद माणसाला क्रूरपणाची सबब शिकवतात, संकटात शेजारी वैरी होतो असे मनावर बिंबवतात. हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोत 1963 मध्ये आपत्ती संशोधन केंद्र सुरू केले. पूर, भूकंप, वादळे अभ्यासून त्यांना दिसले ते उलटेच: घबराट क्वचित पसरते, लोक बहुधा एकमेकांना हात देतात. मालिकेतला माणूस त्या अभ्यासातल्या माणसापेक्षा फार वाईट आहे. मात्र या आक्षेपातून चाहत्यांचा वाद निरुपयोगी ठरत नाही, उलट त्यातला ‘ठरवणारा हा कोण’ हा नेमका प्रश्न जास्त निकडीचा होतो. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले तेव्हा शहरात लुटारू मोकाट सुटल्याच्या, खुनांचा कहर झाल्याच्या अफवा पसरल्या. त्यांतल्या बऱ्याचशा नंतर खोट्या निघाल्या. 4 सप्टेंबरला पोलिस डॅन्झिगर पुलावर पोहोचले ते पुढे धोका आहे हे गृहीत धरूनच. पुलावरून जाणाऱ्या निःशस्त्र लोकांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. दोघे मेले, चौघे जखमी झाले; सगळे कृष्णवर्णीय होते. मग खोटे अहवाल लिहिले गेले, एक पिस्तूलही पुरावा म्हणून पेरले गेले. खटला लांबला, पहिला निकाल रद्द झाला, आणि अखेर एप्रिल 2016 मध्ये पाच माजी अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. त्यांना तीन ते बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या.